रेडिओ आपोआप बंद पडतो

३ मार्च, सोमवार

आज काय वाटलं : काही नाही.
शरीरात कुठे जाणवलं : कुठेच नाही.

झालं लिहून. आता वही मिटून चहा ठेवायला हरकत नाही. पण प्रशिक्षणवाल्या बाईंनी सांगितलंय, निदान अर्धं पान तरी भरा, आणि सांगितलेलं काम अर्धवट टाकायची माझी रीत नाही.

तर, आज हॉटेलच्या सगळ्या खातेप्रमुखांना वरच्या हॉलमध्ये बसवलं होतं. मी तळघरातल्या लाँड्रीची प्रमुख. होऊन जेमतेम चार महिने झालेत, म्हणून शेवटच्या रांगेत. शेजारी मुख्य आचारी डुलक्या काढत होता. विषय होता कामावरचा ताण, भांडणं आणि आपल्या भावना ओळखणं. बाई म्हणाल्या, राग आधी अंगात येतो, मग डोक्यात. कुणाचे कान तापतात, कुणाच्या पोटात गोळा येतो. आपली खूण आपण शोधायची आणि महिनाभर रोज लिहायचं. सोबत एक कार्ड दिलं. त्यावर बारा गोल चेहरे आणि प्रत्येकाखाली त्या त्या भावनेचं नाव.

मी हात वर करून विचारलं, ज्याला राग येतच नाही त्याने काय लिहायचं? बाई हसल्या. म्हणाल्या, त्याने जरा जास्त लिहायचं.

मी खरंच शांत स्वभावाची आहे. माझा चढलेला आवाज आजवर कुणी ऐकलेला नाही. घरी येऊन यांना तेच सांगितलं. हे शाळेत भूगोल शिकवतात, त्यामुळे कुठलाही तक्ता दिसला की तो लावल्याशिवाय यांना चैन पडत नाही. कार्ड फ्रिजवर चिकटलं. सासूबाईंनी चष्मा लावून सगळे चेहरे नीट बघितले आणि आठव्यावर बोट ठेवलं. "ही हुबेहूब तू," म्हणाल्या. त्या चेहऱ्याने ओठ घट्ट मिटलेत आणि खाली लिहिलंय 'चिडलेला'. वयाबरोबर नजर कमी होतेच माणसाची.

४ मार्च, मंगळवार

काय वाटलं : थोडी घाई.
कुठे : पायांत. जिने चढले.

तिसऱ्या मजल्यावरून फोन आला, टॉवेल कमी आलेत, लाँड्रीचा गलथानपणा. टॉवेल त्यांनीच त्यांच्या कपाटात मागे सारून ठेवले होते, हे मला इथे बसून माहीत. मी अत्यंत गोड आवाजात "बघते हं" म्हटलं आणि फोन ठेवला.

मग सहज घड्यांच्या टेबलाकडे गेले. टाचणीने टॉवेल लावून ठेवले होते. टाचणी म्हणजे माझी जुनी जोडीदारीण, अंगाने काडी आणि बोलणं टोचरं, म्हणून टाचणी. घड्या चांगल्याच होत्या, पण किनारी एका रेषेत नव्हत्या. मी सगळा कप्पा उलगडला आणि पुन्हा घड्या घातल्या. काम केलं की मन कसं निवतं. टाचणीने पुढचा ढीग ओढून घेतला.

तेवढ्यात रेडिओ पुन्हा बंद पडला. आमचा रेडिओ वाळवणीच्या यंत्रांमागे फळीवर असतो, आणि हल्ली तो भर गाण्यात गप्प होतो. त्यात न मागता माझ्यासमोर चहा आला आणि कुणीतरी मागची खिडकीही उघडली. माणसं चांगली आहेत आमची. इस्त्रीचा रोलर चालवणाऱ्याला सांगितलं, वायर सैल झालीय, बघून घे. त्याला आम्ही भोंगा म्हणतो. चादर दुमडून रोलरमध्ये जायला लागली की तो "थांबा" असा काही ओरडतो की स्वागतकक्षातले पाहुणेही थांबतात. "बघतो ताई," म्हणाला. धुलाईच्या बायका खाली बघून खोकायला लागल्या. साबणाची पावडर फार उडते तिथे.

६ मार्च, गुरुवार

काय वाटलं : काही नाही.
कुठे : घसा कोरडा. वाफेमुळे.

मॅनेजरने बोलावून सांगितलं, टाचणीने पहिल्या मजल्यावरच्या पडदेखात्यात बदली मागितलीय. एक तारखेपासून. "तुम्हाला माहीत असेलच," म्हणाले. "हो तर," मी म्हटलं. मला काहीही माहीत नव्हतं.

मोठी चादर एकटीच्याने घडी होत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, झटकायची, दुमडायची आणि एकमेकींकडे चालत यायचं. तिच्या हातातली टोकं माझ्या हातात द्यायची, तिने वाकून खालची घडी उचलायची आणि परत मागे जायचं. मी प्रमुख व्हायच्या आधी वर्षानुवर्षं आम्ही हेच केलं. जवळ येताना अर्धं वाक्य, लांब जाताना उरलेलं अर्धं. तिच्या नवऱ्याचं घोरणं, माझ्या नणंदेचे रुसवेफुगवे, सगळं चादरीच्या दोन टोकांना उभं राहून बोललोय.

आता मला चादर धरायला वेळ नसतो. ती मला 'तुम्ही' म्हणायला लागलीय. मला वाटलं, पदाचा मान ठेवते. बरंही वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

का जातेय ती? विचार करकरून उत्तर सापडलं. भोंगा. दिवसभर कानाशी असं कुणी ओरडत असेल तर कोण टिकेल?

७ मार्च, शुक्रवार

विशेष काही नाही. उशांच्या अभ्र्यांच्या सगळ्या घड्या पुन्हा घातल्या. रेडिओ दिवसभर बंद. चहा इतक्या वेळा आला की शेवटी नको म्हणावं लागलं.

१० मार्च, सोमवार

काय वाटलं : कर्तव्य पार पाडल्याचं समाधान.
कुठे : छातीत असावं.

भोंग्याला बाजूला घेतलं. प्रशिक्षणात सांगितल्याप्रमाणे आवाज मऊ ठेवला. म्हटलं, "तुमच्या ओरडण्याचा इतरांना त्रास होतो, याची आपल्याला कल्पना आहे का?"

तो घाबरला. मी त्याला एरवी अरेतुरे करते. "ताई, काय चुकलं ते सरळ सांगा ना. असं बोललात की पोटात गोळा येतो."

"टाचणी तुमच्यामुळे जातेय."

"माझ्यामुळे?" तो नेहमीच्या आवाजात ओरडला, मग इकडेतिकडे बघून कुजबुजला, "माझ्यामुळे कशी जाईल? परवा तर तिने मला घरून अर्धी भाकर..." मग थांबला. काहीतरी सांगायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो हातातल्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाकडे बघत राहिला.

"रेडिओचं काय झालं?" मी विचारलं.

"पूर्ण उघडून बघितला ताई. रेडिओत बिघाड नाही."

"मग बंद का पडतो?"

"खोलीतलं वातावरण," तो म्हणाला. "दमट."

काही का असेना, यापुढे ओरडणार नाही असं त्याने कबूल केलं. एका बोलण्यात प्रश्न मिटला. घरी यांना सांगितलं, तर हे वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, "तिला विचारलंस का, का जातेस म्हणून?" आता ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे ते विचारायचं कशाला?

१३ मार्च, गुरुवार

भोंगा सोमवारपासून कुजबुजतो. धुलाईच्या बायकांना वाटतंय त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. एकीने त्याच्यासाठी मधाची बाटली आणली. टाचणी मात्र अजून 'तुम्ही'च म्हणते आणि तिने बदलीचा अर्ज मागे घेतलेला नाही. कदाचित तिला शांततेची सवय व्हायला वेळ लागेल.

१५ मार्च, शनिवार

वरच्या दोन ओळी मी आज नंतर भरेन.

आज हॉटेल गच्च भरलेलं. डॉक्टरांची परिषद, एकही खोली रिकामी नाही, संध्याकाळपर्यंत सगळ्या चादरी वर पोचायला हव्या होत्या. आणि दुपारी एक चादर दुमडून रोलरमध्ये गेली. भोंग्याने बघितलं. भोंगा "थांबा" असं कुजबुजला. यंत्रांच्या आवाजात ते कुणाला ऐकू येणार? चादर गुंडाळत गेली, तिच्यामागे दुसरी, मग तिसरी, आणि रोलरने आचका दिला आणि बंद पडला. भोंगा माझ्याकडे असा बघत होता की मला त्याच्याकडे बघवेना. त्याचं ओरडणं ही आमची घंटा होती, आणि ती मी बंद केली होती.

मग हाताने घड्या. दुसरा उपायच नव्हता. प्रत्येक चादरीला दोन माणसं. टाचणीने एक टोक उचललं, दुसरं उचलायला मीच उरले होते.

पहिल्या काही चादरी आम्ही न बोलता केल्या. पाय विसरले नव्हते. जवळ, लांब, जवळ. मला इतकं बरं वाटत होतं की मी मुद्दाम सावकाश चालत होते. तेवढ्यात मॅनेजर दारात येऊन म्हणाले, "अजून एवढंच?" आणि निघून गेले. मी म्हटलं, "होईल हं सगळं." मग मी टाचणीने टेबलावर ठेवलेली चादर उचलली आणि उलगडायला लागले. कोपरा जरा बाहेर आला होता.

टाचणीने हातातलं टोक सोडून दिलं. चादर जमिनीवर पडली. लाँड्रीत स्वच्छ चादर जमिनीवर टाकणं म्हणजे काय, हे आम्हालाच कळेल.

"बास," ती म्हणाली. "आता बास. ओरड त्याच्यावर. माझ्यावर ओरड हवं तर. पण माझी घडी उलगडू नकोस."

"अगं, मी फक्त कोपरा..."

"चार महिने तू माझी घडी उलगडतेस. मी इथे उभी असताना, माझ्यासमोर. फोन कुणाचा, चूक कुणाची, आणि उलगडते कुणाची घडी? भोंगा ओरडतो आणि दोन मिनिटांत हसतो. तू एक शब्द बोलत नाहीस. मला वाटतं, एवढ्या वर्षांत मला घडीसुद्धा घालता येत नाही का? म्हणून जातेय मी वर. पडद्यांना घडी नसते."

मी म्हटलं, आणि हे मी अगदी मनापासून म्हटलं, "पण मी तर चिडतच नाही."

मग भोंग्याच्या नाकातून एक आवाज निघाला. मग धुलाईच्या बायकांपैकी कुणीतरी हसत सुटली, आणि मग सगळेच. एकजण तर टोपलीवर बसून डोळे पुसत होती. मी कावरीबावरी होऊन बघत राहिले. आणि माझ्या लक्षात आलं, रेडिओ बंद होता.

"रेडिओ कोण बंद करतं?" मी विचारलं.

आधी एक हात वर आला. मग एकेक करत सगळ्यांचे. भोंग्याचा सर्वांत शेवटी.

"तुम्ही घड्या उलगडायला लागलात की जो जवळ असेल तो," तो म्हणाला. "गाण्याने अजून भडकाल अशी भीती वाटते. चहाची पाळी मात्र ठरलेली आहे. खिडकी माझी."

मी वाळवणीच्या यंत्रांमागे जाऊन बसले. कान तापले नव्हते, पोटात गोळा नव्हता. मी खरंच शोधत होते. आणि मग खाली बघितलं, तर माझे हात मांडीवर एका टॉवेलाची घडी घालत होते. मोडत होते, पुन्हा घालत होते. तो टॉवेल मी कधी उचलला, मला माहीत नाही.

बाहेर आले, पडलेली चादर धुवायला टाकली आणि पुढच्या चादरीचं एक टोक उचललं. दुसरं टाचणीने उचललं. सगळ्या चादरी वर पोचल्या, बऱ्याचशा वाकड्या घड्यांच्या. एकाही डॉक्टराने तक्रार केली नाही.

काय वाटलं : लाज. आणि त्याच्या खाली, बराच जुना, राग.
कुठे : हातांत.

१६ मार्च, रविवार

सकाळी सासूबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, त्यांना धक्का बसेल. त्या शेंगा सोलत म्हणाल्या, "मग? त्यात नवीन काय?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू जिना कसा चढतेस त्यावरून कळतं. तू तणतणत आलीस की मी वाळलेले कपडे टोपलीत भरून तुझ्यासमोर ठेवते. अर्ध्या तासात कपाट लागतं. इतकी वर्षं मी या घरात एकाही कपड्याची घडी घातलेली नाही."

हे पेपरामागे लपले होते, पण पेपर हलत होता. मी यांना विचारलं, "तुम्हीसुद्धा?" म्हणाले, "मी काही करत नाही. फक्त त्या दिवशी माझे शर्टही त्या टोपलीत टाकतो."

मला रडू यायला हवं होतं. पण हसूच आलं, आणि इतकं आलं की सासूबाईंनी मला पाणी दिलं.

१८ मार्च, मंगळवार

काय वाटलं : भीती.
कुठे : हातांत. कळतं आता.

आधी भोंग्याकडे गेले. "ओरड बाबा," म्हटलं. "माझं चुकलं. तुझ्यावर राग नव्हताच, टाचणी जातेय याचं वाईट वाटत होतं, ते तुझ्या माथी मारलं." त्याने रोलर सुरू केला आणि काही दुमडलेलं नसताना "थांबा" अशी आरोळी ठोकली. स्वागतकक्षातून फोन आला, सगळं ठीक आहे ना?

मग टाचणी. तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि मला शब्द सापडेनात. कार्डावरचे बाराही चेहरे डोळ्यांसमोरून गेले. शेवटी म्हटलं, "तुझ्या घड्या चांगल्या असतात. तू गेलीस तर मला फार वाईट वाटेल. एवढंच."

"एवढंच बोलायला चार महिने?" ती म्हणाली.

"रागाचं बोलायला अजून जमत नाही. हात आधी जातात."

तिने माझ्या एप्रनकडे बघितलं. लाँड्रीच्या एप्रनला खिसे नसतात. तिने तो माझ्या अंगावरून काढून घेतला आणि दुपारी परत दिला, तेव्हा त्याला पुढे दोन मोठे खिसे लावलेले होते. टाके इतके बारीक की दिसत नव्हते. "हात तिथे ठेवायचे," म्हणाली. "आणि तोंड उघडायचं. तोवर मी पडदेखात्यात जायची तयारी करते."

म्हणजे जाणार आहे ती. मी विचारलं नाही. खिशात हात घातले आणि तशीच उभी राहिले.

२४ मार्च, सोमवार

काय वाटलं : राग. साधा, सरळ राग.
कुठे : खिशांत.

मॅनेजर आले आणि उद्याचं काम आज मागायला लागले. मी हात खिशात घातले आणि म्हटलं, "साहेब, मला राग येतोय."

ते खुर्चीवर बसले. "माझा?"

"अजून ठरलं नाही. आत्ता फक्त मनगटापर्यंत आलाय. काम उद्या सकाळी मिळेल. आज मागितलंत तर माणसं दमतील आणि मग नक्की तुमचाच येईल."

ते म्हणाले, सकाळी चालेल. म्हणजे एवढं सोपं होतं हे सगळं? चार महिने मी फुकटच टॉवेल उलगडत होते.

रेडिओ मात्र बंद झालाच. माझ्या तोंडून 'राग' शब्द निघाला आणि टक्कन आवाज आला. अजून त्यांचा माझ्यावर भरवसा नाही. बरोबरच आहे. घरी सासूबाई नाराज आहेत. टोपली दोन दिवस तशीच भरून पडलीय.

३१ मार्च, सोमवार

आज टाचणीचा शेवटचा दिवस. सकाळपासून मी काम करत राहिले. ती सकाळी उशिरा खाली आली, वरच्या खात्यात जाऊन. मी समजले, तिथल्या कपाटाची चावी घ्यायला गेली असेल.

रात्रीच्या मेजवानीचे मोठे टेबलक्लॉथ बाहेर काढले, तर वरच्या दोन-तीनांची शिवण बाहेर. घड्या उलट्या घातलेल्या. टाचणीच्याच. खाली बघितलं तर सगळा ढीग तसाच होता. आणि हे आजच, आणि हे मेजवानीला. माझे हात पुढे गेले. मला ते जाताना दिसले. मी त्यांना धरून खिशात घातलं.

"टाचणी," मी म्हटलं, आणि आवाज चांगलाच चढला होता, "मला राग आलाय. घड्या उलट्या आहेत, सगळ्या, आणि माणसं दोन तासांत येणार आहेत. आणि तू आज जातेयस त्याचाही आलाय. दोन्ही एकदम आलेत, त्यामुळे वेगळे काढता येत नाहीयेत."

सगळ्यांनी माना वळवल्या. मी कान देऊन उभी राहिले. कुणीतरी फळीकडे जाईल, आणि आवाज टक्कन जाईल.

गाणं चालू राहिलं.

टाचणी येऊन ढिगाकडे बघायला लागली. "उलट्याच आहेत," म्हणाली. "झोप झाली नाही रात्री. चल, धर."

मी एक टोक धरलं, तिने दुसरं. आम्ही पहिला टेबलक्लॉथ उलगडला, दोघींनी मिळून. झटकला, उलटला, दुमडला. ती माझ्याकडे चालत आली, टोकं माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "पडदेखात्याच्या बाईंना सकाळी..."

वाकली, खालची घडी उचलली आणि मागे मागे जात पलीकडच्या टोकाला पोचली.

"...सांगून आले, नाही येत म्हणून. तू इथे ओरडायला शिकतेयस, आणि मी वर पडदे बघत बसू का?"

माझ्या हातातली टोकं सुटली. मेजवानीचा टेबलक्लॉथ जमिनीवर. "आता हा परत धुवावा लागणार," ती म्हणाली, आणि फळीकडे जाऊन तिने रेडिओचा आवाज वाढवला. भोंग्याने रोलरवरून आरोळी ठोकली, "थांबा," आणि कुणी म्हणजे कुणी थांबलं नाही.

घरी आले. जिना चढताना सासूबाईंनी कान दिला असणार, कारण दार उघडलं तेव्हा त्या टोपली उचलून आत नेत होत्या.

"आज तू काही कामाची नाहीस," म्हणाल्या.

मग आम्ही तिघांनी बसून घड्या घातल्या. यांच्या घड्या बघवत नाहीत. तशाच कपाटात ठेवल्या.